शंभरातले बासष्ट

चौधरी सरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, परत फिरवली आणि मला विचारलं, "विमलबाई, ही तुम्हीच धुतली?"

"हो सर."

"साबण कोणता वापरला?"

"आपला नेहमीचाच."

"मग आकडा का पडतोय?"

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. निशा मॅडम मशीनच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, बाटलीत काही दिसणार नाही. आपण शोधतोय ते डोळ्याला दिसत असतं तर मशीन कशाला लागलं असतं?"

"मशीन आपण दोन दिवस बघतोय," सर म्हणाले. "आता मशीनच्या बाहेरचं बघू."

मशीनच्या बाहेरचं म्हणजे मी.

जळगावच्या एमआयडीसीत एक खासगी टेस्टिंग लॅब आहे. तिथे मी अकरा वर्षं काचसामान धुते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी ओळखते, पण आजवर कधी इकडची बाटली तिकडे गेली नाही. लोकांना वाटतं भांडी घासणं आणि हे एकच. घरी ताट स्वच्छ दिसलं की झालं. इथे दिसून भागत नाही. आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचं. मग नळाच्या पाण्याने पाच वेळा धुवायचं. मग पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडच्या टबात रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी मशीनच्या शुद्ध पाण्याने पुन्हा पाच वेळा, आणि मग ओव्हन. ओव्हनमध्ये घालण्याआधी मी बाटली उलटी धरून बघते. पाणी पडद्यासारखं एकसंध खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठे थेंब अडकून राहिला तर तिथे तेलकटपणा आहे. तसा थेंब दिसला की मी ती बाटली पहिल्यापासून धुते. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं.

आता काम काय चाललं होतं ते सांगते.

धुळ्याला इंजेक्शन बनवणारी एक कंपनी आहे. त्यांच्याकडे एका मोठ्या स्टीलच्या टाकीत आज एक औषध बनतं, पुढच्या आठवड्यात दुसरं. मध्ये टाकी धुतात. धुतल्यावर शेवटचं जे पाणी निघतं, ते आम्ही पाठवलेल्या बाटल्यांत भरून आमच्याकडे तपासायला येतं. त्या पाण्यात आधीच्या औषधाचा अंश किती राहिला ते बघायचं. ठरलेल्या हद्दीपेक्षा जास्त राहिला तर टाकी पुन्हा धुवायची, कारण तो अंश पुढच्या औषधात जाणार आणि ते इंजेक्शन कुणाच्या तरी दंडात जाणार.

ते औषध म्हणजे एक पेप्टाइड होतं. निशा मॅडमनी मला सांगितलं होतं की प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ धरली तर पेप्टाइड म्हणजे तिच्यातला आठ-दहा मण्यांचा तुकडा. शेवटच्या पाण्यात ते किती असतं? विहिरीत चिमूटभर साखर टाकून ढवळली आणि वरून एक पेला भरून आणला, तर त्या पेल्यात जेवढी साखर, त्याहूनही कमी.

एवढंसं मोजायला मॅडमचं मशीन आहे. त्यात बोटाएवढी स्टीलची नळी असते, आत पांढरी भुकटी गच्च भरलेली. तिला कॉलम म्हणतात. पंप त्यातून दाबाने द्रव ढकलतो. नमुन्यातले वेगवेगळे पदार्थ त्या भुकटीला कमी-जास्त धरून राहतात, म्हणून एकेक करून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे डिटेक्टर. त्यात कुंकवाच्या टिकलीएवढी काळी टिकली असते, तिला इलेक्ट्रोड म्हणतात. तिच्यावर थोडी वीज सोडून ठेवलेली असते. हे पेप्टाइड त्या टिकलीवरून वाहून जाताना तिला आपल्याकडची कणभर वीज देऊन जातं. तेवढ्याने कॉम्प्युटरवरची सरळ रेघ वर उचलली जाते आणि परत खाली येते. एक लहान डोंगर तयार होतो. पदार्थ जास्त तर डोंगर मोठा. मला मशीन चालवता येत नाही, पण डोंगर बघायला मला आवडतं. पुसायला गेले की मी दोन मिनिटं उभी राहते. मॅडम काही म्हणत नाहीत.

आता, मशीन खरं बोलतंय की नाही हे कसं कळणार? त्यासाठी मॅडम रोज एक ओळखीची बाटली ठेवतात. स्वच्छ पाण्यात स्वतः मोजून पेप्टाइड टाकायचं, समजा शंभर भाग. ती बाटलीसुद्धा नमुन्यांसारखीच रात्रभर ठेवून मग मशीनवर लावायची. उत्तर शंभराच्या आसपास आलं पाहिजे. पंचाण्णव आलं तरी चालतं. ओळखीची बाटली चुकली तर त्या दिवशीच्या कुठल्याच बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. रिपोर्ट जात नाही.

धुळ्याचं काम सुरू झालं तेव्हा मी पंधरा दिवस रजेवर होते. मुलीचं बाळंतपण बोदवडला होतं. माझ्या जागी मंगला बाटल्या धुवत होती. मंगला आमच्याकडे झाडपूस करते, अमळनेरकडची, आणि तिला कामाचा उरक फार. त्या पंधरा दिवसांत ओळखीच्या बाटलीचं उत्तर रोज चौऱ्याण्णव, शहाण्णव, पंचाण्णव असं येत होतं. सर खूश, धुळ्याचे साहेब खूश.

मी सोमवारी परत आले. कपाटातल्या बाटल्या बघितल्या आणि मला राहवलं नाही. सगळ्या काढल्या आणि माझ्या पद्धतीने धुतल्या. फक्त मंगलाने धुतलेल्या चार-पाच बाटल्या वरच्या फळीवर तशाच राहून गेल्या, तिथे माझा हात पोचत नाही.

मंगळवारी मॅडमनी माझ्या बाटल्या भरून ठेवल्या. बुधवारी ओळखीच्या बाटलीचं उत्तर आलं बासष्ट.

मॅडमनी आधी टिकलीवर संशय घेतला. वापरून वापरून तिच्यावर कीट चढतं आणि तिला कमी जाणवायला लागतं. त्यांनी डिटेक्टर उघडला, पांढऱ्या बारीक भुकटीत पाणी घालून टिकली आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत घासली, परत बसवली. गुरुवारी उत्तर आलं चौसष्ट. मग वाटलं, पेप्टाइडचं द्रावणच जुनं झालं असेल. नवीन केलं. शुक्रवारी साठ. पंप गळत नव्हता, कॉलम नवाच होता. मग सरांनी रजिस्टर काढलं आणि तारखा बघितल्या. आकडा कधी पडला आणि मी कधी परत आले, दोन्ही एकाच आठवड्यात होतं. त्यानंतर सर बाटली घेऊन माझ्याकडे आले.

त्या दिवशी दुपारी धुळ्याहून देवरे साहेबांचा फोन आला. कंपनीची गुणवत्तेची बाजू ते बघतात. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"चौधरी साहेब, टाकी तीन दिवसांपासून नुसती उभी शे. रिपोर्ट कधी?"

"आमचा चेक बसत नाहीये. चेक बसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मागच्या आठवड्यात तर बसत होता."

"तेच शोधतोय."

"माणूस बदलला का मशीन बदललं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. "सोमवारपर्यंत सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

निशा मॅडमना माझ्यावर आळ आलेला आवडला नव्हता. त्या फैजपूरच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलायला सडेतोड. त्यांनी सरांना सांगितलं, "नुसत्या तारखांवरून नको. मी परीक्षा घेते." त्यांनी वरच्या फळीवरच्या मंगलाने धुतलेल्या चार बाटल्या घेतल्या आणि माझ्या चार. सगळ्यांवर फक्त नंबर टाकले. कुठली कुणाची हे सरांना सांगितलं नाही. आठही बाटल्यांत एकाच भांड्यातलं एकच द्रावण भरलं आणि रात्रभर ठेवलं. जाताना मला हळूच म्हणाल्या, "विमलताई, उद्या तुमचं नाव साफ होईल बघा."

मला पण तसंच वाटलं. मंगलाच्या बाटल्या मी त्याआधी उलट्या धरून बघितल्या होत्या. सगळीकडे थेंब अडकत होते.

शनिवारी सरांनी स्वतः बसून आठ आकडे लिहिले. चार आकडे नव्वदच्या वर. चार साठ ते पासष्टच्या मध्ये. मग मॅडमनी कागद उलगडला. साठीच्या चारही बाटल्या माझ्या होत्या.

मॅडमचं तोंड उतरलं. सरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "विमलबाई, तुम्ही मुद्दाम काही करता असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हातून काहीतरी होतंय. सोमवारपासून मंगलाबाई वॉशिंगला. तुम्ही समोरचं झाडपूस, चहापाणी बघा. थोडे दिवस."

"बरं सर," मी म्हणाले.

पगार तोच राहणार होता. तरी मला ते लागलं. ज्या खोलीत मी अकरा वर्षं काम केलं, तिथल्या टबांचे डाग मला पाठ आहेत. आणि थोडे दिवस म्हणजे किती, हे सरांनी सांगितलं नव्हतं. ज्याच्या हातून काहीतरी होतं त्याला कुठली लॅब परत बाटल्या देते?

मंगलाला मी जाताना विचारलं, "तू कशा धुवायची गं बाटल्या? खरं सांग."

"मी काय करं व अक्का? त्यामा नुसतं पाणीच राहे. खंगायी लिन्हं नि पालथं घाली दिन्हं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुन्हामायक ॲसिडमा कोण बुडाडी ते?"

म्हणजे तिने साबण लावला नव्हता, ॲसिडही नाही. नुसत्या खळबळून ठेवल्या होत्या. आणि तिच्या बाटल्या पास झाल्या होत्या.

घरी जाताना रिक्षात मी एकच विचार करत होते. माझ्या हाताचं तेल, साबण, घाम, काहीही बाटलीत गेलं असतं तर पाण्यात काहीतरी जास्त झालं असतं. डोंगर मोठा झाला असता, नाहीतर शेजारी दुसरा उगवला असता. इथे डोंगर लहान झाला होता. घाण गेल्याने वस्तू कमी कशी होईल? हे मला बुधवारीच वाटलं होतं. पण सर आणि मॅडम शिकलेले, त्यांना हे सुचलं नसेल असं कसं होईल, म्हणून मी गप्प राहिले होते.

रविवारी माझे व्याही बोदवडहून जेवायला येणार होते. नातवाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच. आमच्याकडे अशा वेळी पुरणाचे मांडे करतात. मांडा तव्यावर होत नाही. मातीचं मोठं खोलगट खापर चुलीवर पालथं घालायचं आणि हातांवर मोठी केलेली पोळी त्याच्या पाठीवर टाकायची. माझं खापर सासूबाईंच्या वेळचं आहे.

सकाळी चूल पेटवली आणि खापर आणायला गेले तर ते ओळखू येईना. पाठ विटेसारखी लाल. माझी सून स्नेहल नाशिकची, लग्नाला सहा महिने झालेत. ती कौतुकाने म्हणाली, "आई, किती काळं झालं होतं. काल तारेच्या घासणीने घासून ठेवलं. तासभर लागला."

मी खापर चुलीवर पालथं घातलं. खापर घासायचं नसतं, कोरड्या फडक्याने पुसायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं.

पहिला मांडा टाकला. चिकटला. उलथण्याने खरवडून काढावा लागला. दुसरा अर्धा आला, अर्धा राहिला. तिसरा कडेला फाटला. चौथा मात्र सुटून हातात आला.

स्नेहल रडवेली झाली. "मी बिघडवलं का आई?"

"बिघडलं नाही. उपाशी होतं. नवं खापर असंच करतं, घासलेलं पण. आधी त्याचं पोट भरायचं, मग ते आपल्याला देतं."

"म्हणजे तीन मांडे खापराने खाल्ले?"

"खाल्ले."

"व्याह्यांना सांगू नका," ती म्हणाली आणि हसायला लागली.

मी पाचवा मांडा हातावर घेतला होता, तो तसाच राहिला. स्नेहल म्हणाली, "आई, पुरण खाली येतंय." मी मांडा टाकला, पण डोक्यात बासष्टचा आकडा होता. मंगलाने बाटल्या घासल्या नव्हत्या. तिच्या बाटल्यांमध्ये आदल्या दिवसाचं थोडं काचेला लागून राहत असणार. माझ्या बाटल्या उपाशी होत्या.

सोमवारी मी समोरची फरशी पुसली. मग परत पुसली. मशीनची खोली तिथून दिसते. निशा मॅडम आत एकट्या होत्या. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. मंगला बादली घेऊन जाताना थांबली.

"काय व, फरशी घासी घासी पातळ करस का? जाय ना मझार. ती वाघ थोडीच शे."

मी आत गेले.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा की."

"माझ्या हातचं काही बाटलीत गेलं असतं तर डोंगर वाढला असता ना?"

मॅडमनी मान वर केली. "हो. बहुतेक वाढला असता."

"पण तो कमी झालाय. म्हणजे कुणीतरी त्यातलं काढून घेतंय."

"कोण काढून घेणार?"

"बाटली."

त्या हसल्या नाहीत. मी त्यांना खापराचं सांगितलं. फैजपूरच्या असल्याने त्यांना फार सांगावं लागलं नाही. मांडे चिकटल्याचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "काकूंनी एकदा खापर घासलं म्हणून आमची आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती." मग त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"ताई, याला ॲडसॉर्प्शन म्हणतात. पृष्ठभागाला चिकटणं. काच जितकी स्वच्छ, तितकी ती पेप्टाइडला धरते. मी परीक्षेत लिहिलंय हे. पाच मार्कांना होतं."

"मग?"

"मग काय, पाचपैकी पाच मिळाले आणि विसरले."

त्यांनी मला समजावलं. पाण्यात पेप्टाइड भरपूर असेल तर काचेने थोडं ओढून घेतलं तरी कळत नाही. पोतंभर दाण्यांतले चार दाणे सांडल्यासारखं. पण इथे मुळात चारच दाणे होते. त्यातले दीड दाणे काचेला चिकटले की उरलं काय?

"सिद्ध कसं करायचं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

मी म्हणाले, "एकाच बाटलीत परत परत भरून बघा. चौथा मांडा सुटून येतो."

तसंच केलं. माझी एक धुतलेली बाटली घेतली. त्यात शंभराचं द्रावण भरलं, दोन तास ठेवलं, त्यातलं थोडं मशीनवर लावलं, उरलेलं फेकलं. न धुता त्याच बाटलीत तेच द्रावण परत भरलं. पुन्हा दोन तास. मग तिसऱ्यांदा. शेजारी पीपी नावाच्या प्लास्टिकची एक ट्यूब ठेवली. तिला हे पेप्टाइड कमी चिकटतं असं मॅडमना वाटत होतं. मी तोवर चहा केला, टेबलं पुसली आणि दर अर्ध्या तासाने काही ना काही कारण काढून आत जाऊन आले.

पहिल्या वेळेला सदुसष्ट आलं. दुसऱ्या वेळेला शहाऐंशी. तिसऱ्या वेळेला पंचाण्णव. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये पहिल्याच वेळेला सत्त्याण्णव.

मॅडमनी सरांना बोलावलं. सर उभ्यानेच आकडे वाचत होते, मग बसले.

"म्हणजे विमलबाईंच्या बाटल्या जास्त स्वच्छ आहेत म्हणून आकडा पडतोय."

"हो सर."

"आणि मंगलाबाईंच्या अस्वच्छ आहेत म्हणून बरोबर येतोय."

"हो. पण ते बरोबर नाही." मॅडमनी मंगलाची एक बाटली आधीच वेगळी काढली होती. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी भरून लावलं होतं. त्यात एक अगदी लहानसा डोंगर आला होता, जिथे काहीच यायला नको होतं. आधीच्या दिवसाचं पेप्टाइड काचेवरून सुटून परत पाण्यात येत होतं. "ही बाटली धुळ्याच्या टाकीचा हिशेब सांगताना मध्येच स्वतःचं सांगणार."

दारात उभी असलेली मंगला म्हणाली, "घ्या. म्हणजे मन्हंबी चुकनं."

"तुमचं चुकलं," सर म्हणाले. "विमलबाईंचं चुकलं नाही, तरी आकडा चुकला. आणि आपलं तर सगळ्यात जास्त चुकलं. आपण मळ शोधत बसलो." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शनिवारी का नाही बोललात?"

"मला रविवारी कळलं सर."

सरांना हसू आलं. मला त्यांनी सॉरी म्हटलं नाही. वॉशिंग रूमची किल्ली मंगलाकडून घेऊन माझ्या हातात दिली.

पुढे दोन गोष्टी ठरल्या. धुळ्याला आता काचेच्या बाटल्या जात नाहीत, प्लास्टिकच्या ट्यूब जातात. एकदा वापरायच्या आणि टाकायच्या. शिवाय टाकीचं पाणी ट्यूबमध्ये घेताना पहिल्यांदा भरलेलं फेकून द्यायचं आणि दुसऱ्यांदा भरलेलं ठेवायचं. हे मॅडमनी कागदावर टाइप करून भिंतीला लावलं. सगळ्यांनी वाचून खाली सही करायची होती. माझी सही मराठीत आहे. ती दोन नंबरला आहे, मॅडमच्या खाली.

बुधवारी ट्यूब येऊन पोचल्या. ओळखीची ट्यूब सत्त्याण्णव बसली. पण टाकीच्या पाण्याचा आकडा हद्दीच्या वर गेला. टाकी नीट धुतली गेली नव्हती. आमच्या काचेच्या बाटलीत तेच पाणी आलं असतं तर आकडा हद्दीच्या खाली दिसला असता आणि टाकी पास झाली असती.

देवरे साहेबांचा फोन आला. "चौधरी साहेब, हे काय? फेल?"

"फेल."

"तुम्ही आधी तोंडी सांगितलेला आकडा बरा होता."

"तो कमी होता, बरा नव्हता."

"आता टाकी परत धुवायची म्हणजे आमचा अख्खा दिवस जाईन."

"धुवा. आणि धुणारा माणूस चांगला ठेवा," सर म्हणाले.

शुक्रवारी दुसरं पाणी आलं आणि टाकी पास झाली. त्यानंतर देवरे साहेब एकदा स्वतः लॅब बघायला आले. मी वॉशिंग रूममध्ये होते. ते दारात थांबून म्हणाले, "अक्का, तुम्हीच का त्या? आमची टाकी फेल करणाऱ्या." मी मान हलवली. त्यांनी टबाकडे, ओव्हनकडे बघितलं आणि विचारलं, "आमच्याकडे टाकी धुणाऱ्यांना एकदा शिकवायला याल का?" मी नाही म्हणाले. चार माणसांसमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. मग ते त्यांच्या दोन माणसांना आमच्याकडे घेऊन आले. त्यांना मी बोलून नाही, करून दाखवलं. बाटली उलटी कशी धरायची आणि थेंब कुठे अडकतो ते.

बाकीच्या कामाच्या बाटल्या मी पूर्वीसारख्याच धुते. ती कामं मोठ्या आकड्यांची असतात. तिथे काचेने थोडं खाल्लं तरी चालतं आणि घाण मात्र चालत नाही. पेप्टाइडच्या कामापुरत्या माझ्या बाटल्या बंद झाल्या. तेवढा रोजचा दीड तास वाचतो.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की आकडा चुकला की तो वाढलाय की कमी झालाय हे आधी बघायचं. वाढला असेल तर कुणीतरी काहीतरी टाकलंय, आणि कमी झाला असेल तर कुणीतरी काहीतरी घेतलंय. ही दोन कारणं वेगळी आहेत आणि त्यांची माणसंही वेगळी असतात. हे मला बुधवारी सुचलं होतं आणि मी सोमवारी सांगितलं. मधले पाच दिवस टाकी उभी राहिली.